घोड्याच्या डागापासून मोटारीच्या क्रमांकापर्यंत



नारायणगड आपल्यापैकी पुष्कळांच्या पायाखालचा आहे. बीड तालुक्यातले हे नगद नारायण महाराजांचे ठाणे. लोक त्याला धाकटी पंढरी म्हणतात, आणि आषाढीला इथून पालखी पंढरीच्या वाटेला लागते. पूर्वी गडावर गर्दी झाली की उतारावर बैलगाड्यांची रांग लागे. माणसे दर्शन घेऊन खाली आली की भाकर सोडायच्या आधी एकमेकांच्या बैलांवरून नजर फिरवीत. कोणाचा खांदा कसा आहे, कोणाचे दात किती झाले, सारा हिशेब तिथेच होई. आता त्याच उतारावर मोटारी उभ्या असतात. नजर मात्र तीच आहे. तरुण पोरांचा घोळका बघा कुठे जमतो ते. आखूड बांध्याची, मागचे दार वर उघडणारी, रुंद चाकांची एखादी गाडी असते, तिच्याभोवती. अशा बांध्याच्या गाडीला हॅचबॅक म्हणतात. आणि तिच्यात जोरकस इंजिन, आवळ स्प्रिंगा आणि पळण्याची हौस घातली की ती झाली स्पोर्टी हॅचबॅक.

अशी गाडी कोरी घेणे प्रत्येकाच्या आवाक्यातले नाही. मग पोरगं पुण्याला जातं, निम्म्या किमतीत वापरलेली गाडी बघतं आणि घरी येऊन वडिलांना म्हणतं, “दादा, गाडी एकदम फ्रेश आहे, मालक डॉक्टर होता.” त्या निम्म्या किमतीत कोणाच्या दोन हंगामांच्या ऊसतोडीची उचल असते, कोणाचा कापूस असतो, कोणाच्या आईची पाटली असते. म्हणून हा विषय केवळ हौसेचा नाही. आपल्यात म्हण आहे, पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल. ज्याचे अंग पाण्याखाली आहे त्याची किंमत काठावर बसून करायची नसते. हे शहाणपण आपल्या पूर्वजांनी घोड्या-बैलांच्या बाजारात पैसे घालवून मिळवले. ते मोटारीला कसे लावायचे, तेवढेच आज पाहायचे आहे.

आधी थोडे मागे जाऊ. दिल्लीचा सुलतान अल्लाउद्दीन खिलजी याने १२९६ ते १३१६ या काळात राज्य केले. त्याच्या फौजेत एक मोठी अडचण होती. स्वार पगार घेई उमद्या घोड्याचा आणि हजिरीला उभे करी भाड्याचे तट्टू. कधी एकच घोडा दोघांच्या नावावर दाखवला जाई. यावर उपाय म्हणून घोड्याच्या अंगावर डाग देण्याची आणि स्वाराचा हुलिया, म्हणजे त्याच्या अंगावरच्या खुणा, दप्तरात लिहून ठेवण्याची पद्धत घातली गेली. पुढे शेरशहाने ती उचलली आणि अकबराने १५७३-७४ च्या सुमारास ती पुन्हा कडक केली. लोकांना ती आवडली नाही, हे सांगायला नकोच. चोरवाट बंद झाली की ओरड होतेच.

आपल्याकडे शिवाजी महाराजांच्या घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकार होते. शिलेदाराचा घोडा स्वतःचा. बारगिराचा घोडा सरकारी पागेतला. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत या पागेची व्यवस्था दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि तेवढ्याच घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. हे जरा ध्यानात घ्या. राज्यकर्त्यांना ठाऊक होते की घोडा विकत घेऊन काम संपत नाही. पाणी पाजणारा आणि नाल ठोकणारा माणूस रोज लागतो. दसऱ्याला फौज मुलूखगिरीला निघताना प्रत्येकाच्या चीजवस्तूची नोंद होई आणि परतल्यावर झडती होई. आजही आपण दसऱ्याला मोटारीला झेंडूची माळ घालतो. माळ राहिली, झडती तेवढी विसरलो.

आता बैलबाजाराकडे या. जाणता माणूस बाजारात काय करी? पहिल्याने तो बैल कोणाचा, कोणत्या गावचा, हे विचारी. मग जबडा उघडून दात मोजी. आदत, दुसा, चौसा हे शब्द शंकरपटाच्या मैदानात आजही पोरांच्या तोंडी आहेत. दुधाचे दात पडून पक्के दात जोडी-जोडीने येतात आणि चार-पाच वर्षांत जबडा जुळतो. तेव्हा बैलाचे वय मालकाच्या तोंडून ऐकायचे नसते, बैलाच्या तोंडात बघायचे असते. तिसऱ्याने तो अंगावरून हात फिरवी. खांद्याला गाठ आहे का, खुरात भेग आहे का. आणि चौथ्याने तो बैल चालवून बघे, जुंपून बघे. ओळख, वय, अंग आणि चाल, या त्या चार परीक्षा. एवढे झाल्यावर मग पंचाखाली बोटे धरून सौदा.

विकणाराही कच्चा नसे. शिंगांना तेल, हिंगूळ. मीठ चारून वर पाणी पाजले म्हणजे पोट भरलेले दिसे. हे आपल्याकडेच होते असे नाही. इंग्लंडात म्हाताऱ्या घोड्याच्या झिजलेल्या दातात खळगा कोरून तो डागून काळा करीत, म्हणजे घोडा तरणा भासावा. आज मोटारीचा किलोमीटरचा आकडा मागे फिरवतात, तो याच विद्येचा नातू समजा.

मुंबईत मोटार आली १८९८ साली. मोटार आली तसा डागही आला, फक्त तो लोखंडावर उमटला. १९१४ साली सबंध ब्रिटिश हिंदुस्थानासाठी मोटारींचा पहिला कायदा झाला, त्याच्या जागी १९३९ चा कायदा आला, आणि सध्याचा कायदा १९८८ चा. तो १ जुलै १९८९ पासून अमलात आहे. आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या मुलखात. निजामाच्या रेल्वे खात्याने १९३२ मध्ये प्रवासी बसगाड्या सुरू केल्या. १७ सप्टेंबर १९४८ नंतर चित्र पालटले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. आज बीडची पाटी एम. एच. २३ आणि अंबाजोगाईची एम. एच. ४४, हे शाळेतले पोरसुद्धा सांगेल.

मधल्या काळातली एक गंमत सांगण्यासारखी आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि मुंबईत कुर्ल्याला फियाट गाड्या तयार होऊ लागल्या. पण परवान्यांच्या त्या जमान्यात गाड्या थोड्या आणि मागणारे फार. नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट बघावी लागे. त्यामुळे कधीकधी वापरलेली गाडी कोऱ्या गाडीपेक्षा महाग विके! अशा बाजारात घेणाऱ्याने काय तपासायचे? मिळाली हेच नशीब. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि हळूहळू हे चित्र बदलले. ती गाडीही हॅचबॅकच. पण इंजिनाची ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आतली. कुटुंबाची गाय म्हणा हवे तर. शर्यतीचा खोंड नव्हे.

खोंड जन्माला आला तो युरोपात. इंग्लंडातल्या छोट्या मिनी गाडीला जॉन कूपर यांनी १९६१ मध्ये जोरकस रूप दिले आणि त्या मिनीने १९६४, १९६५ व १९६७ साली मॉन्टे कार्लोची अवघड रॅली जिंकली. जर्मनीत फोक्सवॅगनच्या काही तंत्रज्ञांनी प्रथम गुपचूपच एक वेगवान गोल्फ गाडी तयार केली. १९७५ मध्ये ती फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात आली, १९७६ मध्ये विक्रीला. नाव गोल्फ जीटीआय, ताकद ११० अश्वशक्ती. पाच हजार खपल्या तरी पुष्कळ, असा अंदाज होता. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांवर खपल्या. किराणा आणायची आणि घाटातही पळायची अशी एकच गाडी असावी, ही माणसाची जुनीच इच्छा त्यातून पुरी झाली. आपला दख्खनचा भीमथडी घोडा तरी काय होता? थोड्या दाण्यावर राहणारा आणि डोंगरात न थकणारा.

महाराष्ट्रात या जातीच्या गाड्यांची वंशावळ थोडक्यात सांगतो. २००१ मध्ये फियाटची पालिओ आली, तिच्यातले १.६ लिटरचे इंजिन शंभर अश्वशक्तीचे. २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला आणि २०१० पासून तिथली पोलो रस्त्यावर आली. २०१३ मध्ये तिची जीटी टीएसआय आवृत्ती निघाली. इंजिन अवघे १.२ लिटरचे, पण टर्बोमुळे १०५ अश्वशक्तीचे, आणि त्याला दुहेरी क्लचचा सात वेगांचा आपोआप गिअर. २०१५ मध्ये रांजणगावच्या कारखान्यातून फियाटची अबार्थ पुंटो आली, १४५ अश्वशक्तीची. टाटांची अल्ट्रोझ २०२० ची आणि तिची रेसर ही आवृत्ती २०२४ ची. पुण्याच्या बाजारात आपल्या पोरांना भुरळ घालतात त्या बहुधा यांतल्याच. यांतली फियाट भारतातल्या विक्रीतून निघून गेली आणि पोलो २०२२ मध्ये बंद झाली, हेही लक्षात असू द्या; त्याचे कारण पुढे येईलच.

आता चार परीक्षा घेऊ.

पहिली परीक्षा ओळखीची. घोड्याचा डाग तसा मोटारीचा चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक. चासी क्रमांक सतरा अक्षर-अंकांचा असतो. अमेरिकेत १९८१ पासून ही सतरांची पद्धत सक्तीची झाली आणि आपल्याकडेही तीच रूढ आहे. यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे मुद्दाम वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी घोटाळतात. कोणत्या क्रमांकात ही अक्षरे दिसली तर तिथेच थांबा. पत्र्यावर कोरलेला क्रमांक, आर. सी. वरचा क्रमांक आणि सरकारच्या वाहन नोंदणीच्या संगणकातला क्रमांक, तिन्ही अक्षरशः जुळले पाहिजेत. कोरीव अंकांभोवती घासल्याच्या किंवा नव्या रंगाच्या खुणा असतील तर गाडीला रामराम करावा.

जमीन घेताना आपण सातबारा बघतो आणि इतर हक्कांत कोणाचा बोजा आहे का ते वाचतो. गाडीचेही तसेच. कर्जाची गाडी असेल तर आर. सी. वर बँकेचे नाव असते. हप्ते फिटले असे तोंडी सांगणे म्हणजे काहीच नव्हे. बँकेचे ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा नमुना ३५ हातात हवा. विमा चालू आहे का, दंडाच्या पावत्या थकल्या आहेत का, मालक कितवा, हेही तिथेच कळते. गाडी परराज्यातली असेल तर ना-हरकत दाखला, महाराष्ट्राचा कर आणि नवा क्रमांक हा खर्च आधीच किमतीत धरा. स्वस्त दिसणारी दिल्लीची गाडी इथे आल्यावर स्वस्त राहतेच असे नाही.

दुसरी परीक्षा वयाची. किलोमीटरचा आकडा म्हणजे मालकाचे तोंड. दात वेगळीकडे असतात. टायरच्या कडेला शेवटी चार अंक कोरलेले असतात. २३१९ असे दिसले तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. गाडी २०१८ ची, आकडा वीस हजारांचा आणि टायर मात्र २०२३ चे, असे का? वीस हजारांत चारही टायर झिजतात थोडेच! झिजले असतील तर गाडी कशी हाकली ते त्यातून कळते, नाहीतर आकडा खोटा आहे. ब्रेकच्या पायट्याचे रबर, सुकाणूच्या चाकावरचे कातडे, चालकाच्या आसनाची दारापासची कड, ही झीज कोणाला मागे फिरवता येत नाही. दुरुस्तीच्या पावत्या तारीखवार लावून बघा. त्यांवर दर वेळचा किलोमीटर आकडा असतो. मधल्या दोन वर्षांच्या पावत्या गायब असतील, तर त्या दोन वर्षांतच काही झाले असावे असे धरून चाला.

तिसरी परीक्षा अंगाची. ही दिवसाउजेडी, कोरड्या अंगाची गाडी उभी करून करायची. नुकती धुतलेली ओली गाडी म्हणजे तेल लावलेली शिंगे. दारे, बॉनेट आणि पत्रे यांमधल्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का ते बघा. साधे चुंबक कापडात गुंडाळून पोलादी पत्र्यावरून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे रंगाखाली लांबी भरलेली असणार. बॉनेटच्या बिजागरीचे बोल्ट पान्याने फिरवल्याच्या खुणा दिसतात का? मागे जादा चाकाच्या खळग्यातला पत्रा चुरगळून सरळ केलेला आहे का? काचांवरच्या खुणा एकाच कारखान्याच्या व एकाच काळातल्या आहेत का?

पुराच्या गाडीविषयी वेगळे सांगायला हवे. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्यात गेले. अशा पुरात बुडालेल्या गाड्या सगळ्याच भंगारात जात नाहीत. काही धुऊनपुसून दूरच्या जिल्ह्यात विकल्या जातात. तेव्हा आसनाचा पट्टा पूर्ण बाहेर ओढून बघा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाचा डाग राहतो. पायाखालची सतरंजी उचला, आसनाच्या रुळांवरचा गंज बघा, काचा बंद करून दोन मिनिटे आत बसा आणि वास घ्या. पाण्यात म्हैस ही म्हण इथे अक्षरशः लागू पडते.

आणि एक लहानसा दिवा. किल्ली फिरवली की एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि काही क्षणांनी विझला पाहिजे. लागलाच नाही, तर पिशवी फुटून गेलेली आणि दिवा मारून ठेवलेला असू शकतो. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत एअरबॅग नसलेल्या पोलोला एकही तारा मिळाला नाही आणि दोन एअरबॅगच्या पोलोला चार तारे मिळाले. गाडी तीच, फरक त्या पिशव्यांचा. वेगाची गाडी घेणाऱ्याने हा दिवा आधी बघावा, गाण्याचे यंत्र नंतर.

चौथी परीक्षा चालीची. मालकाला सांगावे, मी सकाळी येतो, तोवर गाडी सुरू करू नका. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागले तर समजा की थंड इंजिनाचे रडगाणे कोणीतरी आधीच आवरून ठेवले आहे. सुरू करताना मागे एकाने उभे राहावे. निळा धूर म्हणजे इंजिन तेल पिते. काळा म्हणजे इंधन नीट जळत नाही. गाडी तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर गार करणारे पाणी इंजिनात शिरत असावे. थंडीच्या सकाळी पहिली थोडी वाफ येते, तिला भिऊ नये.

टर्बो म्हणजे काय ते शिक्षक मंडळींनी मुलांना सांगण्यासारखे आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराने एक चक्र फिरते आणि त्याच्या जोडीचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. जास्त हवा, जास्त इंधन, जास्त जोर. ही चक्रे मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतात आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतात. म्हणून ज्याने वेळेवर तेल बदलले नाही, किंवा सुसाट येऊन तापले इंजिन झटक्यात बंद केले, त्याने टर्बो मारला असे समजा. जरा वेळ उभी ठेवून मग पायट्यावर जोर दिला की निळा धूर निघतो का, शिट्टीचा कर्कश आवाज येतो का, नळ्यांच्या सांध्यांवर तेल आहे का, हे बघा.

हाताने गिअर टाकायची गाडी असेल तर सरळ मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये हळू चालवून पायटा दाबा. इंजिनाचा आवाज वर चढला आणि गाडी मात्र तशीच रेंगाळली, तर क्लच घसरतो आहे. दुहेरी क्लचच्या गाडीत एक क्लच विषम गिअर सांभाळतो आणि दुसरा सम. एक चालू असताना दुसऱ्याने पुढचा गिअर तयार धरलेला असतो. म्हणून ती इतकी झटपट. पण पोलो जीटीसारख्या गाड्यांतला हा क्लच कोरडा, म्हणजे तेलात न बुडालेला; गर्दीत सरकत राहिला की तापतो. फोक्सवॅगनने २०१३ मध्ये चीनमध्ये याच दुहेरी क्लचच्या गिअरपेटीसाठी पावणेचार लाखांहून अधिक गाड्या परत बोलावल्या होत्या. तेव्हा अशी गाडी पुण्याच्या गर्दीत अर्धा तास चालवा. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथरते का, चढावर सुटताना अडखळते का, मागे घेताना धक्का देते का? गडाचा चढ यासाठी उत्तम. पण गाडी गडापर्यंत येईतो पैसे गेलेले असतात! म्हणून असाच चढ तिथे पुण्यात शोधा. शेवटी रिकाम्या मैदानात सुकाणू पूर्ण वळवून गोल फिरवा. कट-कट असा आवाज आला तर पुढच्या चाकांच्या दांड्यांचे सांधे गेले. आणि सरळ रस्त्यावर ब्रेक दाबताना गाडी एका बाजूला ओढते का तेही बघा.

आता खोडीविषयी. बैल देखणा असला तरी खोड असेल तर जाणता माणूस त्याला हात लावत नसे. या जातीच्या गाड्यांना तरुण मालक खोडी लावून ठेवतात. इंजिनाच्या संगणकातली मांडणी बदलून जोर वाढवायचा, धुराड्याचा आवाज मोठा करायचा, स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवायची. विकताना मूळचे भाग परत बसवतात. पण वर्षभर जादा जोर सोसलेला क्लच मूळचा होत नाही. कारखान्याच्या मूळ रचनेत बदल करून वाहन वापरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. विम्याच्या वेळी तो बदल तुमच्याच अंगावर येईल, पहिल्या मालकाच्या नव्हे. जाणत्या कारागिराकडून संगणक जोडून गाडीचे दोष वाचून घ्यावेत. त्याला चार पैसे द्यावे लागतील. पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद पदरी होता, आपल्याला एक दिवसापुरता बोलवायचा आहे.

गाडी घेतल्यावरचे दाणापाणीही मोजा. रुंद कमी उंचीचे टायर महाग असतात आणि आपल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांत चाकांच्या कडा वाकतात. ज्या कंपनीची विक्री बंद झाली तिचा सुटा भाग बीडमध्ये मिळतो की पुण्याहून आणावा लागतो, हे घेण्याआधी दोन गॅरेजांत विचारून या. घोडा स्वस्त आणि नाल महाग असा व्यवहार करू नये.

पैशाच्या बाबतीत शेवटची गोष्ट. १९३० च्या वस्तुविक्रीच्या कायद्यात मूळ तत्त्व असे आहे की पारखून घेण्याची जबाबदारी बहुतांशी घेणाऱ्याची. म्हणून बोललेले सारे कागदावर घ्या. विसार दिला तर पावती घ्या. नाव बदलण्यासाठी नमुना २९ आणि ३० लागतात. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचे असते, घेणाऱ्याने ३० दिवसांत. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला सरकारी अधिकारपत्र घ्यावे लागते. ते मागून बघायला लाजू नका. आणि विकणाऱ्यानेही सावध राहावे. नोंदीत ज्याचे नाव त्याच्यावर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिला आहे. गाडी चौथ्या माणसाच्या हाती गेली असली तरी दप्तरातला डाग तुमचाच! नुसत्या सह्या करून कोरे नमुने देऊन मोकळे होणारे पुष्कळ आहेत. रात्री झोप त्यांची जाते.

शिक्षक बंधुभगिनींनो, एक छोटा पाठ सुचवतो. शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या गाड्यांच्या टायरांवरचे चार अंक मुलांना टिपून आणायला सांगा आणि त्यांवरून वय काढायला लावा. मग त्यांच्या आज्याला विचारून बैलाचे दात कसे मोजतात ते लिहून आणू द्या. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या की इतिहास हा फक्त लढायांचा नसतो, हे मुलांना न सांगता कळेल.

आणि ज्या घरात पोराचा हट्ट चालू आहे त्या घरच्या वडीलधाऱ्यांना एवढेच सांगणे, की “आमच्या वेळी असलं नव्हतं” म्हणून बाजूला बसू नका. तुम्हाला इंजिन कळत नसेल, पण पारख कळते. पोराबरोबर पुण्याला जा. तो इंजिन ऐकेल, तुम्ही विकणाऱ्याचे बोलणे ऐका. तो वेग बघेल, तुम्ही घाई बघा. “आजच घ्या, उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय” हे वाक्य तुम्ही बैलबाजारात शंभरदा ऐकले आहे. ओळख, वय, अंग, चाल, या चारांतून गाडी उतरली तर आनंदाने घ्या, दसऱ्याला माळ घाला आणि गडावर दर्शनाला आणा. एकातही अडखळली, तर रिकाम्या हाताने परत या. बाजारातून रिकाम्या हाताने आलेल्या माणसाला आपल्याकडे कोणी हसत नसे. खोडीचा बैल घेऊन आलेल्याला मात्र सारे गाव ओळखत असे.